हात आवरा

लेकीच्या बाळंतपणासाठी मी पहिल्यांदा अमेरिकेत गेले, ती जॉर्जिया राज्यात. हे राज्य पीचचं. गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा पीचचं चित्र! जून महिना होता. शेजारच्या आजी एक काचेचं भांडं घेऊन आल्या. वर सोनेरी, ओबडधोबड थर आणि खाली रसात शिजलेली फळं. म्हणाल्या, ‘पीच कॉब्लर. बाळाच्या आईसाठी.’

इंग्रजीत कॉब्लर म्हणजे मोची, म्हणून मला आधी हसूच आलं. वरचे गोळे फरसबंदीच्या दगडांसारखे दिसतात, त्यावरून हे नाव पडलं असंही सांगतात. इंग्लंडहून तिथे जाऊन वसलेल्या लोकांकडे मायदेशासारखी भांडीकुंडी नव्हती. मग लोखंडी भांड्यात मिळतील ती फळं घालायची, वर पिठाचे गोळे टाकायचे आणि निखाऱ्यांवर भाजायचं. १८५९ साली छापलेल्या अमेरिकी शब्दांच्या कोशातही हा शब्द आहे. वरच्या गोळ्यांना ते बिस्किट म्हणतात. पण ते आपलं चहात बुडवायचं बिस्किट नव्हे. मऊ, फुललेला, पापुद्र्यांचा छोटा पावच तो.

कृती विचारून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी करायला बसले. चाळीस वर्षं पोळ्या केलेला हात! मैदा भिजवला, दहा मिनिटं छान मळला, झाकून अर्धा तास मुरवला. भाजून बाहेर काढलं, तर चमचा आत शिरेना. जावई म्हणाले, ‘कुरकुरीत झालंय, आई.’ लेक काहीच बोलली नाही.

तसं त्या आठवड्यात आमचं बोलणं कमीच होतं. बाळाची टाळू भरायची का, गुटी द्यायची का, दुपट्यात किती गुंडाळायचं, सगळीकडे माझा हात पुढे. आदल्या रात्री ती म्हणाली होती, ‘आई, मला करू दे ना गं!’ ते मला फार लागलं होतं.

आजींना माझा दगड दाखवला. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. ‘कामसू हात आहेत. इथे मात्र त्यांना आवरा.’

मग त्यांनी नीट समजावलं. मैदा मळला की चिवट होतो. पोळीला तो चिवटपणा हवा, इथे नको. २५० ग्रॅम मैद्यात ३ चहाचे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, थोडी साखर आणि मीठ. त्यात फ्रीजमधल्या घट्ट लोण्याचे ८५ ग्रॅम तुकडे बोटांच्या टोकांनी चुरायचे; वाटाण्याएवढे राहिले तरी राहू द्यायचे. भट्टीत ते वितळतात, वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. मग पाऊण कप दाट, आंबट ताक. आपलं पातळ ताक नको, घुसळलेलं दही चालेल. चमच्याने आठ-दहा वेळा हलवायचं आणि थांबायचं. पीठ मुरवायचंही नाही, कारण पावडर ओली होताच कामाला लागते.

१ किलो पीचच्या फोडींना अर्धी वाटी साखर, लिंबाचा रस आणि मोठा चमचाभर कॉर्नफ्लोअर लावायचं. ओव्हनमध्ये १९० अंशांवर आधी फळंच दहा मिनिटं गरम करायची, म्हणजे वरचं पीठ खालून कच्चं राहत नाही. मग मध्ये फटी ठेवून गोळे टाकायचे आणि अर्धा-पाऊण तास भाजायचं. कडेने रस दाट होऊन खदखदला की झालं. काढल्यावर वीस मिनिटं धीर धरायचा. आपल्याकडे पिकलेल्या अननसाचंही छान होतं.

त्या संध्याकाळी पीठ लेकीने केलं. मी मांडीवर हात ठेवून बसले. तिने वेडेवाकडे गोळे टाकले. ‘अगं, जरा सारखे कर,’ हे शब्द ओठांवर आले होते, ते गिळले.

कॉब्लर फर्मास झालं. लेकीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि पहिली वाटी आजींकडे पोचवायला मलाच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बाळाला अंघोळही तिनेच घातली. मी टॉवेल धरून बाजूला उभी होते.