तरुण मुलें आपलीं खातीं कां सोडतात?

घरांतील मुलानें फेसबुकवरचें आपलें खातें वापरणें सोडलें, म्हणजे आपणां वडील मंडळींना समाधान वाटतें. पोरगा मार्गाला लागला, असें आपण म्हणतों. पण तो तेथून उठला कां, हें आपण क्वचितच विचारतों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. अमेरिकेंतील प्यू रिसर्च सेंटर या संस्थेच्या पाहणीप्रमाणें, तेथील १३ ते १७ वर्षांच्या मुलांत फेसबुक वापरणारीं २०१४-१५ सालीं शेंकडा ७१ होतीं. २०२२ सालीं तीं शेंकडा ३२ उरलीं. त्याच वर्षीं इन्स्टाग्राम वापरणारीं मात्र शेंकडा ६२ होतीं. म्हणजे मुलें विरक्त झालीं नाहींत. त्यांनीं जागा बदलली.

याचें कारण काय असावें? फेसबुक २००४ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील विद्यार्थ्यांसाठीं निघालें व २००६ सालीं तेरा वर्षांवरील सर्वांना खुलें झालें. मग काका आले, मावशी आल्या, शिक्षक आले, नोकरी देणारेहि आले. माणूस आईशीं एक बोलतो, मित्राशीं दुसरें, गुरुजींशीं तिसरें. यांत ढोंग नाहीं, औचित्य आहे. म्हणूनच घराला ओसरी असते आणि माजघरहि असतें. या नव्या घरांत मधल्या भिंतीच पडल्या. सर्वांदेखत बोलायचें, तर न बोललेलें बरें, असें तरुणाला वाटूं लागतें.

शिवाय तोंडचा शब्द हवेंत विरतो, येथला राहतो. पंधराव्या वर्षींचा पोरकटपणा बाविसाव्या वर्षीं नोकरीच्या वेळीं पुढें येऊं शकतो. त्यांतच २००९ सालीं फेसबुकवर ‘लाइक’चें बटण आलें आणि वाहवा चारचौघांत मोजली जाऊं लागली. ज्याच्या चित्राला दोनच लाइक मिळाले, तो पुढचें चित्र लावतांना कचरतो. असें खातें बंद होत नाहीं. तें नुसतें ओस पडतें.

हें मौन नेहमींच चिंतेचें नसतें. चार जिवलगांच्या लहानशा गटांत तीं मुलें मोकळेपणीं बोलत असतात. परंतु कधीं कधीं त्यामागें कोणी केलेली कुचेष्टा किंवा छळ असतो, आणि बाहेरून दोन्ही मौनें सारखींच दिसतात. म्हणून मुलानें खातें सोडलें, तर शाबासकी देण्याची घाई करूं नये. एकांतीं, शांतपणें कारण विचारावें; आणि तो सांगूं लागला, तर मध्येंच उपदेश न करतां शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.