मोटारीमागचें बिऱ्हाड

सुट्टी लागली कीं चार दिवस घर सोडून रानावनांत जाऊन राहावें, ही हौस बहुतेक सर्व देशांत आढळते. परंतु ऑस्ट्रेलियांत त्या हौसेला एक निराळेंच वळण लागलें आहे. त्या खंडाचा अंतर्भाग उजाड व विरळ वस्तीचा. रस्ते तांबड्या मातीचे आणि कच्चे. पेट्रोलचा एक पंप मागें पडला कीं दुसरा कित्येकदां शेंकडों किलोमीटरांवर. अशा मुलखांत मुलांबाळांसह हिंडावयाचें तर घरच बरोबर नेणें भाग पडतें. तें घर म्हणजे मोटारीच्या मागें जोडलेली दोन चाकांची गाडी. वर घडीचा तंबू, आंत बिछाना, शेपटाशीं स्वयंपाकाचा ओटा आणि पोटाखालीं पाण्याची टांकी. तिकडे तिला ‘कॅम्पर ट्रेलर’ म्हणतात. मराठींत जोडगाडी म्हणावयास हरकत नाहीं. अशा गाड्या बाजारांत तयार मिळतात. पण रविवार आणि सुट्ट्या खर्चून ती आपल्या हातांनीं बांधणारे गृहस्थहि तेथें पुष्कळ आहेत.

ही कल्पना अगदींच नवी नव्हे. १८८५ सालीं इंग्लंडांत गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या डॉक्टरानें केवळ सहलीसाठीं ‘वाँडरर’ नांवाचें चाकांवरचें घर बांधून घेतलें. तें दोन घोडे ओढीत. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अश्रुबिंदूच्या आकाराचे छोटे ट्रेलर निघाले आणि हौशी कारागिरांसाठीं त्यांचे आराखडे मासिकांतून प्रसिद्ध होऊं लागले. पुढें दुसऱ्या महायुद्धांत जीपमागें ओढावयाचे पाव टनाचे लष्करी ट्रेलर निर्माण झाले. युद्ध संपल्यावर ते नागरिकांच्या हातीं आले, आणि त्यांतील कित्येकांवर सहलीचे तंबू चढले.

डांबरी सडकेवरील ट्रेलर आणि आडवाटेवरील जोडगाडी यांत मात्र मोठें अंतर आहे. कच्च्या रस्त्यावर वाहनांच्या वर्दळीनें आडव्या लाटा उठतात आणि रस्ता पन्हळी पत्र्यासारखा होतो. दोन लाटांमधलें अंतर एक मीटर धरलें, तरी दोनशें किलोमीटरांच्या मजलेंत प्रत्येक चाकाला दोन लक्ष धक्के बसतात. एखाद्या जोराच्या तडाख्यानें लोखंड सहसा मोडत नाहीं. पण तोच लहान धक्का लक्ष वेळां बसला कीं धातु थकतो आणि त्याला केसाएवढी चीर पडते. जोडदांडा जेथें सांगाड्याला मिळतो तेथें ही चीर बहुधा प्रथम दिसते. म्हणून जाणता कारागीर जोडदांडा सांगाड्याच्या तोंडाशींच संपवीत नाहीं. तो खालून मागें नेऊन चाकांच्या कमानींच्या टेंकूपर्यंत पोंचवितो, म्हणजे ओढीचा ताण एका सांध्यावर न पडतां सर्वत्र वांटला जातो. नट साधे न लावतां आंत नायलॉनचें कडें असलेले लावतो. नाहीं तर संध्याकाळपर्यंत निम्मे सैल होतात. चाकें मोटारीच्याच मापाचीं घेतो, कीं एकच जादा चाक दोघींनाहि उपयोगी पडावें. दोन्ही चाकांमधील अंतरहि मोटारीइतकेंच ठेवतो, म्हणजे वाळूंत मोटारीनें पाडलेल्या चाकोरींतूनच जोडगाडी मुकाट्यानें मागें येते.

याहून नाजूक प्रश्न तोलाचा. आपल्या गाडीवानाला तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ओझें मागें जास्त झालें कीं बैलगाडी उलाळ होते. पुढें जास्त झालें कीं धुरजड. जोडगाडीचा न्याय अगदीं हाच. ती धुरजड झाली तर मोटारीचें मागचें अंग दबतें आणि पुढच्या चाकांची पकड ढिली पडते. ती उलाळ झाली तर वेग वाढतांच मागें सापाच्या शेपटासारखी हेलकावे खाऊं लागते आणि प्रसंगीं मोटारीसकट उलटते. एकूण वजनाचा सुमारें दहावा हिस्सा जोडाच्या गोळ्यावर यावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. तो तपासण्यास मोठें यंत्र नको; सपाट जमिनीवर जोडदांड्याखालीं भक्कम ठोकळा देऊन माणसाचें वजन करण्याचा घरांतील कांटा ठेवला कीं काम भागतें. मात्र सामान भरल्यावर तपासावें, रिकाम्या गाडीचा तोल कांहींच सांगत नाहीं. म्हणूनच पाण्याची टांकी आंसाच्या किंचित् पुढें आणि स्वयंपाकघर मागें, अशी मांडणी करतात.

आतां वजनाचा हिशेब. समजा, गाडी रिकामी ५२० किलो, पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो, आणि अंथरुणें, धान्य, गॅस, हत्यारें मिळून २०० किलो. एकूण ८०० किलो. पैकीं ८० जोडावर, ७२० चाकांवर. ऑस्ट्रेलियन नियमाप्रमाणें एका आंसाच्या ट्रेलरच्या चाकांवरील भार ७५० किलोपलीकडे गेला कीं ब्रेक सक्तीचे होतात. म्हणजे शिल्लक फक्त ३० किलो! चार घडीच्या खुर्च्या, एक जादा सतरंजी आणि लोखंडी तवा एवढ्यांत ती केव्हां संपली हें कळतहि नाहीं. दूरदर्शी माणसें नियम न पाहतां ब्रेक आधींच बसवितात. कारण उतारावर मागचें ओझें कायद्याचें पुस्तक वाचीत नाहीं.

परंतु ओझें कमी करावयाचें म्हणून पाण्याला हात लावणें ही घातक चूक होय. मरी आणि बर्ड्सव्हिल या दोन गांवांमधील सुमारें ५२० किलोमीटरांची वाट याची साक्ष देते. १९६३ सालच्या डिसेंबरांत, ऐन उन्हाळ्यांत, एक कुटुंब त्या बाजूला वाट चुकलें. पेट्रोल संपलें, पाणी थोडें उरलें, आणि तीं माणसें मोटार सोडून निघालीं. आईबाप व तीन मुलगे, पांचहि जणांचा तहानेनें अंत झाला. तेव्हांपासून त्या मुलखांत जाणाऱ्याला एक गोष्ट पुन्हां पुन्हां बजावली जाते : कांहींहि झालें तरी वाहन सोडूं नये. माणसापेक्षां वाहन लवकर दृष्टीस पडतें, आणि पाणी व सावली त्याच्यापाशींच असते. जाणते लोक एका मोठ्या टांकीऐवजीं दोन लहान टांक्या बसवितात. एकीला दगड लागून भोंक पडलें तरी दुसरी उरते.

आंतल्या सोयींविषयीं फार सांगावयास नको. फक्त एक पथ्य अवश्य पाळावें. गॅसची टांकी बाहेर, हवेशीर कप्प्यांत असावी, आणि थंडी कितीहि असो, बंद तंबूंत शेगडी पेटवून झोंपूं नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं. तो झोंपलेल्याला जागें होण्याचीहि संधि देत नाहीं.

अशी गाडी बांधून झाली कीं तिची पहिली परीक्षा दूरच्या वाळवंटांत घेऊं नये. घरापासून तासाभराच्या अंतरावर एक रात्र काढावी. तेवढ्यांत तंबू कोठें गळतो, कोणती फळी खडखडते, धूळ कोणत्या फटींतून पिठाच्या डब्यापर्यंत पोंचते, हें सर्व उमगतें. परतल्यावर घरांतील सर्वांनीं मिळून सामानाचे दोन ढीग करावेत : वापरलेलें आणि न वापरलेलें. दुसऱ्या ढिगांतील प्राथमिक उपचाराची पेटी, जादा चाक, हत्यारें आणि राखीव पाणी परत गाडींत ठेवावें. बाकीचें घरींच राहूं द्यावें. गाडी बांधण्याचें काम एकट्या गृहस्थाला जमेल. पण काय न्यावें आणि काय ठेवावें, हा निवाडा गृहिणीच्या व मुलांच्या संमतीवांचून कधींच नीट होत नाहीं.