आजीला वाचून दाखव

आज बी.एड.ची पदवी घेणाऱ्या माझ्या नव्या सहकाऱ्यांनो,

माझी सगळी नोकरी शहापूर-मुरबाडच्या जिल्हा परिषद शाळांत गेली. तेवढ्या वर्षांत एक शेरा मी कितीदा लिहिला असेल, देव जाणे : 'घरी वाचनाचे वातावरण नाही.' लिहिताना हात कधी अडखळला नाही. पोराला वाचता येत नाही ना, मग दोष घराचा आणि गुरुजी मोकळे!

त्या शेऱ्याला एका गावाने उत्तर दिलं. ८ मार्च २०१६ ला मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. शिवजयंतीच्या वाचनाच्या वेळी 'आम्हालाही वाचता आलं असतं तर' असं गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बाया गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. छायाचित्रं देशभर गेली. मला मात्र त्यांच्या घरातली संध्याकाळ जास्त मोलाची वाटते. आजीचा गृहपाठ नातवंडं घ्यायची. दुसरीतलं पोर आजीचा हात धरून 'ळ' गिरवून घेतं, तेव्हा आधी त्याचा स्वतःचा 'ळ' पक्का व्हावा लागतो. शाळेत त्याचं वाचणं तपासलं जातं, घरी ते कुणाला तरी हवं असतं.

वर्गात आपण फसतो कुठे, तेही सांगतो. पोर धडा घडाघडा म्हणतं, आपण खूश. एकदा एकाचं पुस्तक मी मधूनच उलटं धरलं. स्वारी थांबलीच नाही, धडा चालूच! त्याला धडा पाठ होता, अक्षरं ओळखीची नव्हती. सगळी मुळाक्षरं आणि मग सगळी बाराखडी संपेपर्यंत थांबू नका. चार-पाच अक्षरं आणि एक-दोन मात्रा आल्या, की त्यांतूनच शब्द बनवू द्या. आणि पोर घरी ठाकरी किंवा कातकरी बोलत असेल, तर त्याच्या तोंडचा शब्द आधी फळ्यावर येऊ द्या. पुस्तकातला शब्द त्याच्याशेजारी नंतर लिहिता येतो. 'अशुद्ध बोलू नको' म्हटलं, की ते पोर त्या दिवसापुरतं तरी गप्प होतं; काही वर्षभर.

पुस्तकं नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण वाचायला एसटीवरची 'टोकावडे'ची पाटी आहे, रेशनकार्ड आहे, खताची गोणी आहे. दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जूनपासून जे शिकवलं, ते मधल्या महिन्यांत पुसलं जातं. भट्टीवरच्या भोंग्यात, म्हणजे खोपटात, 'विधायक संसद' या संस्थेने भोंगाशाळा भरवल्या त्या याच पोरांसाठी. त्याआधी कितीतरी वर्षं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांपाठोपाठ शाळा कुरणात नेली होती. तेव्हा कोसबाड आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तुम्हाला एवढं जमलं नाही, तर निदान निघताना पोराच्या पिशवीत गोष्टीचं एक पुस्तक टाका. फाटून परत आलं तर रागावू नका. फाटलं, म्हणजे हाताळलं गेलं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी एक खटाटोप केला. वर्गातल्या एका मुलाच्या पडवीत बसून त्याच्या आजीकडून कोल्ह्याची गोष्ट ऐकली, तिच्याच बोलीत वहीवर उतरवली आणि त्याला म्हटलं, ''आजीला वाचून दाखव.'' तो बोट ठेवत वाचू लागला. चौथ्या ओळीला आजीने हातातलं सूप खाली ठेवलं.

''आसा न्हाई सांगितला मी.''

''आसाच लिवलाय.''

''पुन्ना बघ.''

पोराने बोट मागे नेलं आणि ओळ पहिल्या अक्षरापासून पुन्हा लावायला घेतली. चूक माझीच होती, एक शब्द मी गाळला होता. पण मी बोललो नाही.