झोपलेल्या माणसाची बाजू



मी गोदीत हमाली करतो. शिक्षण दहावी. कविता लिहितो, पण आज कविता वाचणार नाही. एक गुन्हा सांगायचाय. माझाच.

मागल्या पावसाळ्यात रातपाळी होती. पहाटेचे तीन वाजले असतील. गोण्यांच्या थप्पीआड आमच्या टोळीतला एक म्हातारा झोपला होता. मुकादम म्हणाला, "उठव त्याला." मी हाक मारली नाही. लाथ घातली. का? तर मुकादम बघत होता म्हणून. म्हातारा उठला तोच दोन्ही हात डोक्यावर धरून. डोळे मिटलेलेच. "नाय मालक, नाय मालक" म्हणत होता. मला मालक म्हणाला तो. त्याच्याच चाळीतल्या पोराला.

त्या रात्रीपासून मी झोपलेली माणसं बघत असतो. पहिल्या लोकलमधली, फलाटावरची, फुटपाथवरची. तोंड उघडं पडलेलं असतं, मूठ सुटलेली असते. दिवसभर हूक मारणारा हात तान्ह्या पोरासारखा पडलेला असतो. दुपारी आमचा मुकादम खुर्चीत घोरतो, तेव्हा तोसुद्धा कुणाचा तरी लेक दिसतो. झोपलेला माणूस शिवी देत नाही, कुणाचा विटाळ मानत नाही. जात पाळायला जागं राहावं लागतं.

झोपणं म्हणजे भरवसा टाकणं. डोळे मिटतोय, माझी मान तुमच्या हाती, असं सांगणं. हा भरवसा आपल्याला कुणी दिला?

गावगाड्यात वेशीवर रात्रभर जागायचा तो आपला वेसकर. गाव वेशीच्या आत निवांत घोरायचं आणि वेसकराची पोरंबाळं वेशीबाहेर उघड्यावर. त्यांची राखण कोण करायचं? १९५८ च्या कायद्यानं महार वतन गेलं. पण गावानं आपल्यासाठी एक रात्र तरी जागून काढली का? १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले, तर अंथरूण टाकायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या मुसाफिरखान्यात राहिले. तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं.

ज्यांना महाभारत प्रिय आहे त्यांनी सौप्तिकपर्व वाचावं. घुबडानं झोपलेले कावळे मारले ते अश्वत्थाम्यानं पाहिलं आणि रात्री छावणीत शिरून झोपलेली माणसं कापली. त्याचा मामा कृपाचार्य आधी सांगत होता की झोपलेल्याला मारणं हा धर्म नव्हे. म्हणून अश्वत्थामा अजून शाप घेऊन भटकतोय, जखमेला तेल मागतोय, असं आपल्या आज्या सांगायच्या.

आता ही दुसरी गोष्ट ऐका. १ डिसेंबर १९९७ ची रात्र. बिहारात सोन नदीकाठी लक्ष्मणपूर बाथे गाव. रणवीर सेनेचे लोक दलित-मजुरांच्या वस्तीत शिरले आणि त्यांनी ५८ माणसं मारली. त्यात बायका होत्या, पोरं होती. २०१० साली पाटण्याच्या कोर्टानं २६ जणांना दोषी ठरवलं. २०१३ साली हायकोर्टानं सगळ्या २६ जणांना सोडलं. इथं शाप कुणाला लागला? कोण तेल मागत फिरतोय?

आणि ८ मे २०२०. लॉकडाऊन. जालन्याहून मजूर भुसावळकडे निघालेले, पायी, रुळाच्या कडेनं. औरंगाबादजवळ करमाडपाशी थकून रुळावरच आडवे झाले. पहाटे मालगाडी आली. १६ माणसं गेली. रुळावर भाकऱ्या पडल्या होत्या. आणि पोटभर जेवून गादीवर झोपणारे लोक विचारत होते, रुळावर कुणी झोपतं काय? चालून चालून माणूस कुठं कोसळतो, हे त्यांना ठाऊक नाही.

कायदा आहे, मित्रांनो. २०१२ साली रामलीला मैदानाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की झोप हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. रात्री झोपलेल्या लोकांवर पोलीस घातले होते, त्याचा तो खटला. चांगलं झालं. पण तो निकाल गोण्यांच्या थप्पीआड अजून पोचलेला नाही.

आपण भिंतीवर लिहितो : उठा, जागे व्हा! मीही लिहिलंय, चुन्यानं, रात्र रात्र जागून. पण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कुणी सुखानं झोपूच दिलं नाही, त्याला आणखी किती उठवायचं? त्याला उठवताना आपण लाथ घालतोय की हाक मारतोय, एवढं तरी बघू.

दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याची माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "तू व्हतास व्हय? मला वाटलं गावचं सपान पडलं." मला रडू आलं. तो मात्र बिडी पेटवून कामाला लागला.

आता आमच्या टोळीत ठरलंय. रातपाळीत कुणी पाठ टेकली, तर एकानं जागं राहायचं. मीही राहतो. वेसकरच आहे मी, पण आता आपल्या माणसांचा. आणि कंत्राटी कामगारांना पाळीत पाठ टेकायला एक खोली मिळावी, म्हणून अर्ज लिहिलाय. दाराशी ठेवलाय. जाताना सही करून जा. ज्यांना सही येत नाही, त्यांचा अंगठा चालेल.

जय भीम.