शेजारच्या घरचा सण

(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात, बालसंस्कार वर्गाच्या पालकांपुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)





शंभर वर्षं ही दिंडी चालली. आता पुढची शंभर वर्षं जी पोरं चालवणार, त्यांना आपण काय शिकवायचं, यावर दोन शब्द बोलायला मला सांगितलं आहे. हरिपाठ, पावली, पखवाज हे तर आपण शिकवतोच. मला आज जरा वेगळी गोष्ट मांडायची आहे. आपल्या मुलांना आपली एकादशी कळते. शेजारच्या घरचा सण कळतो का?

२०२२ ते २०२५ ही चार वर्षं आठवा. २०२२ साली १० जुलैला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. २०२३ ला २९ जूनला पुन्हा तेच. २०२४ ला १७ जुलैला आषाढी आणि मोहरमचा दहावा दिवस एकत्र आला, आणि २०२५ ला ६ जुलैलाही तसंच. चार वर्षं पांडुरंगानं दोन पंचांगं शेजारी शेजारी ठेवली. पोरांनी विचारलं असणारच, "हे असं कसं झालं?" तेव्हा आपल्याकडं उत्तर होतं का?

उत्तर सोपं आहे. दोघांचाही महिना चंद्रावर चालतो. अमावास्येनंतर चंद्राची कोर दिसली की मुस्लिम बांधवांचा महिना सुरू होतो, म्हणून त्यांचा दहावा दिवस आपल्या एकादशी-द्वादशीच्या आसपास पडतो. चंद्राचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं. हा अकरा दिवसांचा फरक भरून काढायला आपण अधिक मास धरतो, म्हणून आषाढी पावसाळ्यातच राहते. ते अधिक मास धरत नाहीत, म्हणून त्यांचा रमजान कधी थंडीत येतो, कधी भर उन्हाळ्यात. २०२३ ला अधिक श्रावण आला, आपली आषाढी महिनाभर पुढं गेली. म्हणून आधी जी गाठ बकरी ईदशी पडत होती, ती पुढच्या महिन्यातल्या मोहरमशी पडली. २०२६ ला अधिक ज्येष्ठ, तेव्हा हीही गाठ सुटते. बघा, एका प्रश्नात पोराला गणित कळलं, आकाश कळलं आणि शेजारीही कळला.

आता प्रत्येक सणाची पोथी पोरांना पाठ करायला लावायची नाही. तीनच गोष्टी सांगायच्या. त्या दिवशी काय घडलं, ती माणसं काय करतात, आणि आपण त्या दिवशी कसं वागायचं.

मोहरमचंच घ्या. पैगंबरांचे नातू इमाम हुसेन इ. स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात मारले गेले. त्यांचं आणि लेकराबाळांचं पाणी तोडलं होतं. तो दिवस शोकाचा. त्या दिवशी 'हॅपी मोहरम' म्हणायचं नसतं, हे पोराला कोण सांगणार? आपणच. त्या तहानेची आठवण म्हणून ते लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, सरबत पाजतात. वारीच्या वाटेवर ज्यानं पाणपोईचा तांब्या तोंडाला लावला आहे, त्याला हे समजायला किती वेळ लागेल? आपल्या सांगली जिल्ह्यात कडेगावला उंच ताबूत निघतात, त्यात हिंदू-मुसलमान दोघेही असतात. कितीतरी गावांत पंजे उचलायचा मान हिंदू घरांकडं आहे.

तसाच गुड फ्रायडे. येशूला क्रुसावर दिलं तो दिवस. तोही शुभेच्छांचा नाही. आनंद आहे तो रविवारच्या ईस्टरचा. त्याआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. आपल्या रायगडातले बेने इस्रायली ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' नाव दिलं. त्यांचा पवित्र दिवस दर आठवड्याला येतो.

आणि चातुर्मास? तो आपल्या एकट्याचा नाही. जैन साधू-साध्वी पावसाळ्याचे चार महिने एकाच गावी राहतात. भाद्रपदात त्यांचं पर्युषण येतं, शेवटी लहानथोर एकमेकांची क्षमा मागतात. आषाढी पौर्णिमेला आपण गोपाळपूरला काला करतो. बुद्धांनी सारनाथला पहिला उपदेश केला तो त्याच पौर्णिमेचा दिवस. तिथून भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो, तो आश्विन पौर्णिमेपर्यंत. कार्तिकी एकादशीनंतर चार दिवसांनी पौर्णिमा येते, ती गुरु नानकांची जयंती. त्या दिवशी गुरुद्वारात आपल्यासारखीच पंगत बसते, तिला लंगर म्हणतात.

आता काही माळकरी मंडळींच्या मनात येईल, "बुवा, अशानं पोरं बावचळतील. आपलं सोडून दुसऱ्याचं धरतील." ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. तिचं उत्तर एकच. आधी आपलं पक्कं करा. ज्या पोरानं दशमीला एकभुक्त राहून एकादशी धरली, द्वादशीला बारस सोडली, त्यालाच रोजा कळतो. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंब नाही, असे महिनाभराचे दिवस म्हणजे काय, हे निरंकार उपवास केलेल्याला सांगावं लागत नाही. ज्याला आपलीच एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी एवढीच ठाऊक, तो दुसऱ्याच्या व्रताला काय मान देणार?

अवघड प्रश्न वेगळाच आहे. पोर विचारतं, "बकरी ईदला बकरं कापतात, ते पाप नाही का?" इथं गुळमुळीत बोलू नका. सरळ सांगा. आपण माळ घातली, आपल्याला मांस वर्ज्य. जिवाला दुखवू नये हे आपलं व्रत, आणि ते आपण मोडणार नाही. पण माळ आपल्या गळ्यात आहे. ती दुसऱ्याच्या गळ्याला फास लावायला दिलेली नाही. त्यांच्या सणामागं इब्राहिमची कथा आहे, देवासाठी आपलं सगळ्यात प्रिय ते द्यायची तयारी दाखवणाऱ्या बापाची. त्या दिवशी गरिबाचा वाटा काढायची रीत आहे. हे सगळं सांगून झाल्यावरही आपल्याला ते पटणार नाही, तर न पटो. न पटणं आणि तुच्छ लेखणं यात अंतर आहे, तेवढं पोराला कळलं की झालं.

आणि समोरूनही हात पुढं येतो, हेही सांगा. २०२३ ला राज्यात ठिकठिकाणच्या मुस्लिम बांधवांनी ठरवलं, एकादशीच्या दिवशी कुर्बानी करायची नाही. ईदच्या दिवसानंतरही ती करता येते, म्हणून पुढं ढकलली. आपल्या एकादशीचं मोल त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच हे झालं. ठाऊक नसतं तर कसं झालं असतं?

हे काही मी नवं सांगत नाही. देहूहून तुकोबारायांची पालखी निघते, तिची पहिली विसाव्याची जागा अनगडशहा बाबांचा दर्गा. तिथं अभंग-आरती होते, मग पालखी पुढं. 'योगसंग्राम' लिहिणारे शेख महंमद श्रीगोंद्याचे, ते आपल्या संतमंडळींतले. नामदेवराय पंजाबात घुमानला राहिले, त्यांची ६१ पदं शीख बांधव गुरु ग्रंथसाहिबात रोज मस्तकी लावतात. रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले, पण तुकोबांचा हात त्यांनी सोडला नाही. आपली वाट पहिल्यापासून अशीच रुंद आहे.

आज पोराच्या हातात मोबाईल आहे. दुसऱ्याच्या सणाची टवाळी त्याच्यापर्यंत आपल्या आधी पोचते. म्हणून उशीर करू नका. बालसंस्कार वर्गाच्या भिंतीवर एकच कॅलेंडर लावा, त्यावर एकादशीच्या शेजारी ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा, महावीर जयंती पोरांच्याच हातानं लिहून घ्या. सण आला की आदल्या दिवशी पाच मिनिटं त्याची गोष्ट सांगा. गावात त्या धर्माचं घर असेल, तर तिथल्या आजी-आजोबांना वर्गात बोलवा. त्यांच्या तोंडून ऐकलेलं पोर विसरत नाही. आणि पूजा त्यांची त्यांनी, आपली आपण. सरमिसळ करायची गरज नाही.

दिंडीत आपण पुढं चालणाऱ्याच्या टाचेवर पाय देत नाही. तो अनोळखी असला तरी त्याला 'माउली' म्हणून पाया पडतो. हीच शिस्त पोराला गावच्या रस्त्यावरही लागू दे, एवढंच पांडुरंगाच्या चरणी मागतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!