पडद्यावरच्या वस्तू

पेठ तालुक्यातील ज्या गावांतून बोहाडा हा मुखवटे चढवून नाचण्याचा उत्सव होतो, तेथील मंडळींना आजचा विषय सर्वस्वी नवा वाटणार नाही. कारण संबळाच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात, गणपतीचा मुखवटा चढवून नाचत येणारा माणूस आपल्याच पाड्यावरचा, काल आपल्या शेजारी नागलीच्या शेतात राबलेला, हे प्रत्येकास ठाऊक असते, आणि तरीही तो समोर आला की हात आपोआप जोडले जातात. निर्जीव वस्तूच्या ठायी अर्थ आरोपित करण्याची ही शक्ती जेथे जिवंत आहे, तेथे चित्रपटाचा रसास्वाद शिकविणे अवघड नसावे.

आपल्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी या शक्तीवर केवढी भिस्त ठेवली होती, ते पाहा. त्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’ चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. मूकपटाचा तो काळ. आवाजाचे साहाय्य नाही. देह एक, चेहरा एक. मग राम कोणता आणि सीता कोणती, हा निवाडा वस्त्राने, अलंकाराने आणि केशभूषेनेच करावयाचा होता.

परंतु मुकुट म्हणजे राजा, एवढ्यावर जो थांबतो त्याने चित्रपट अर्धाच पाहिला असे माझे मत आहे. वस्तूचा खरा अर्थ कोशातून येत नाही. ती कोणाच्या हाती आहे, कोणत्या प्रकाशात आहे, आणि जेथे तिने असू नये तेथे ती आली आहे काय, यावरून तो उमलतो. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार. त्यांच्या १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची कथा आहे. त्यातील अंधुक उजेडात टिपलेली दरिद्री झोपडी आणि तेथे रडणारे कुत्रे ही दृश्ये, चित्रपट मूक असूनही, पाहणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहिली. दस्तऐवज, जप्ती, फिर्याद यांचे वर्णन करण्यास पाने लागली असती. ते काम त्या अंधाराने केले.

याच पेंटरांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली प्रभात कंपनीसाठी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. त्यात मुलाच्या आजाराने संतापलेली तुकोबांची पत्नी आवली त्याला ओढत देवळात नेते आणि पायतण हाती घेऊन थेट विठ्ठलासमोर उभी राहते. क्षणभर येथे थांबून विचार करा. पायतण ही उंबऱ्याबाहेर ठेवण्याची वस्तू. ती गाभाऱ्याशी येताच सारी मर्यादा उलटीपालटी होते, आणि तरीही पाहणाऱ्यास तो देवाचा अपमान वाटत नाही, कारण ज्याच्याशी भांडता येते असा देव तिला खरोखरीच आहे, हे त्या एका पायतणाने सिद्ध केलेले असते. तुकोबांची श्रद्धा अभंगांतून व्यक्त होते, आवलीची संतापातून. आणि दिग्दर्शकांनी दोहोंस सारखाच मान दिला, याबद्दल मला त्यांच्याविषयी अतीव आदर वाटतो. पुढल्याच वर्षी या चित्रपटाचा गौरव व्हेनिसच्या महोत्सवात झाला.

अभ्यासास आरंभ करावयाचा असेल, तर फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ घ्यावा. त्याची फीत सुदैवाने बरीचशी उपलब्ध आहे. प्रारंभी त्यांची बालकन्या मंदाकिनी आपल्या साध्या रूपात मुद्रेवरील नाना भाव दाखविते, आणि पाहता पाहता त्याच मुलीच्या ठिकाणी कृष्णवेष अवतरतो. हा भाग दोनदा पाहावा: पहिल्या खेपेस त्या मुलीच्या डोळ्यांकडे लक्ष द्यावे, आणि दुसऱ्या खेपेस, वेष बदलल्यावर तेच डोळे आपणांस निराळे का वाटू लागतात, याचा शोध घ्यावा.