मानसशास्त्र घेऊन पुढे काय?



सकाळपासून तिघांनी मला एकच विचारलं, “पोरीनं बी.ए.ला मानसशास्त्र घेतलंय. शाळेतल्या मुलांसाठी काम करायचं म्हणते. पुढे काय?” म्हणून आता माइकवरूनच सांगतो.

आधी एक कबुली. मराठीच्या तासाला आपल्यातला एकजण वाचायला उभा राहिला की ओळी गाळायचा, ‘ब’चा ‘व’ करायचा. सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो. तोंडी हिशेबात तो आपल्या पुढे होता, तरी नववीत त्यानं शाळा सोडली. तो इथं तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला विचारूनच बोलतोय. ‘अध्ययन अक्षमता’ हा शब्द मला चाळिशीत, मास्तरकी करता करता एम.ए. केलं तेव्हा कळला. दिव्यांगांच्या हक्काच्या कायद्यात तर तो 2016 साली आला.

तर पोरींना सांगा, ‘शैक्षणिक मानसशास्त्र’ याच नावाची पदवी शोधत बसू नका. मानसशास्त्रात एम.ए. करून समुपदेशनाकडे वळता येतं. आधी आपल्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत चौकशी करा. (ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्या बहिणाबाईंचं नाव 2018 मध्ये या विद्यापीठाला मिळालं, हे मला फार आवडतं.) बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिक्षण आणि मानसशास्त्र एकाच विद्याशाखेत आहेत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीचं या विषयातलं काम जुनं आहे. अडखळणाऱ्या मुलांना स्वतः शिकवायचं असेल तर विशेष शिक्षणातलं बी.एड. करावं, पण त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, हे फी भरण्याआधी बघा. आणि मानसशास्त्राच्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीची जाहिरात कुणी दाखवली, तर पैसे देऊ नका. यूजीसीनं 2025 पासून तिथले नवे प्रवेश बंद केलेत.

कुठंही शिका, पण कान खानदेशी ठेवा. घरी अहिराणी बोलणारं पोर ‘मला’ऐवजी ‘माले’ लिहितं. ती त्याच्या घरची बोली, आजार नव्हे. अक्षरंच जागेवर राहत नाहीत, ती गोष्ट वेगळी. पुस्तकी मराठीतली चाचणी घेणाऱ्याला हा फरक कळला नाही, तर चांगल्या पोरावर शिक्का बसतो, नाहीतर गरज असलेलं पोर ‘खेड्यातलं आहे’ म्हणून सुटून जातं.

तिसऱ्या रांगेतल्या मित्राची नात दुसरीत आहे. तीही वाचताना अडखळते. मागच्या महिन्यात आम्ही दोघं तिच्या शाळेत गेलो. “तूच बोल रे, मला काही जमायचं नाही,” असं त्यानं मला रस्ताभर बजावलं. बाईंसमोर बसल्यावर मी तोंड उघडायच्या आत तोच बोलायला लागला, आणि अर्धा तास बोलला.

ज्यांच्या पोरींचं ठरायचंय त्यांनी जेवताना भेटा. भरीत संपेपर्यंत मी तिथंच आहे.